ऐन मे महिन्यात मेहकरला ताजी फुलं कशी पाठवायची?

पत्र : माझं माहेर मेहकर, जिल्हा बुलढाणा. राहते पुण्यात. येत्या २४ मे २०२६ ला आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. मला तेव्हा नववा महिना लागलेला असेल, त्यामुळे जाणं होणार नाही. संध्याकाळी घरीच चाळीसेक माणसं जमतील. आईला ताज्या फुलांचा भारी सोस. मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला एका वेबसाइटवर गुच्छ मागवला, तर त्यांनी पैसे घेतले आणि आदल्या रात्री ‘डिलिव्हरी शक्य नाही’ असा मेसेज टाकला. दुसऱ्या ठिकाणाहून मागवलेला तिसऱ्या दिवशी पोचला. चकचकीत कागदात माना टाकलेले गुलाब! यंदा आधीपासून तयारी करायची आहे. पुण्याहून पाठवू की तिथेच कुणाला सांगू? आणि हो, आई-बाबांना आधी कळू द्यायचं नाहीये.
— मेहकरची लेक

उत्तर : लांब दांड्याची फुलं पुण्याहून सुट्या काड्यांच्या रूपात पाठवा, हार आणि गजरा मेहकरातच करवून घ्या. बांधलेला गुच्छ मात्र कुठूनही पाठवू नका. मागच्या वर्षी तुमचे गुलाब अंतरामुळे मेले नाहीत, ते बांधलेले असल्यामुळे मेले. गुच्छात फुलांची डोकी एकमेकांना घासतात, भोवती प्लास्टिकचा कागद असल्याने आत वाफ धरते, आणि त्या ओलाव्यावर पाकळ्यांना करडी बुरशी धरायला एक रात्र पुरते. मावळातल्या पॉलिहाउसमधला गुलाब व्हॅलेंटाइनच्या आधी परदेशात जातो, तोही सुट्या काड्यांच्या गड्ड्या करून, कोरड्या खोक्यात आडवा झोपून. पाणी त्याला पोचल्यावर मिळतं. तुम्ही तेच करायचं आहे, फक्त लहान प्रमाणात.

आधी त्या वेबसाइटचं. त्यांच्यापैकी बहुतेकांची स्वतःची फुलं नसतात. तुमची ऑर्डर त्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या फुलवाल्याकडे सरकवायची आणि मधलं कमिशन ठेवायचं, एवढाच धंदा. तुम्ही टाकलेला ४४३३०१ हा पिन कोड ‘चालतो’ असं स्क्रीनवर दिसतं, कारण तिथे कुरिअर जातं. तिथे त्यांचा फुलवाला आहे की नाही हे त्या तपासणीत कळतच नाही. मग आदल्या दिवशी कुणीतरी फोन फिरवतं, कुणी मिळत नाही आणि तुम्हाला मेसेज येतो. ‘कुरिअरने पोचेल’ असं लिहिलेलं असेल तर गुच्छ मोठ्या शहरात बांधून दोन-तीन दिवस गोदामांतून फिरत येणार हे धरून चाला. तरीही कुणाकडे मागवायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : गुच्छ कोणत्या गावात बांधला जाणार? गावाचं नाव सांगता आलं नाही तर सोडून द्या.

आता तुमच्या तारखेतली एक मेख. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ आहे. एरवी मे महिन्यात तालुक्याच्या गावी डच गुलाब, जर्बेरा, कार्नेशियन मिळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मंडप-डेकोरेशनवाला. लग्नाच्या स्टेजसाठी त्याची खोकी बाहेरून येतातच, त्यात आपल्या दोन गड्ड्या घालायला सांगायच्या. पण अधिक मासात लग्नं नाहीत, म्हणजे त्याची खोकीही नाहीत. केवळ तुमच्यासाठी तो माल मागवेल, पण मग वाहतुकीचा सगळा खर्च तुमच्या एकटीच्या डोक्यावर बसेल. उलट बाजूने बघाल तर मुहूर्त नसल्यामुळे पुण्याच्या बाजारात भाव ताणलेले नसतात आणि माल निवडून घेता येतो. (हा धोंड्याचा महिना, तेव्हा जावईबापूंना सासुरवाडीचं बोलावणं आलंच असेल आणि खोकं त्यांच्याच हाती देण्याचा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेल. नवव्या महिन्यात त्यांना पुण्यातच राहू द्या. धोंडे पुढेही खाता येतील.)

२४ तारखेला रविवार आहे. खरेदी शुक्रवारी २२ ला सकाळी, रात्रीच्या बसने रवाना, शनिवारी पहाटे मेहकर. शनिवारी दिवसभर फुलं पाण्यात राहतील आणि रविवारी दुपारी मांडणी होईल. शनिवारी रात्री पाठवून रविवारी सकाळी पोचवण्याचा मोह टाळा. फुलाला प्रवासानंतर पाणी ओढून ताठ व्हायला काही तास लागतातच, शिवाय बस बिघडली किंवा खोकं चुकलं तर हातात वेळ उरत नाही.

काय घ्यायचं

गुलटेकडी मार्केट यार्डात कुणाला तरी सकाळी लवकर पाठवा. नऊ-दहानंतर निवडीला फारसं काही उरत नाही. तुम्ही स्वतः त्या गर्दीत जाऊ नका. डच गुलाबाची गड्डी २० काड्यांची येते. मांडणीला तीस गुलाब पुरतील, पण दोन गड्ड्या घ्या. मे महिन्यात पाच-सात काड्या वाटेत जाणार हे गृहीत धरायचं. कार्नेशियनची एक गड्डी, शेवंती काडीच्या दोन, आणि परवडत असेल तर दहा अँथुरियम. शेवंती काडीला कमी लेखू नका. या यादीत सगळ्यात चिवट तीच, आणि मांडणी भरलेली दिसते ती तिच्यामुळे.

जर्बेरा नको. दिसतो झकास, पण त्याचा दांडा आतून पोकळ आणि मऊ असतो. उन्हाळ्यातल्या रात्रभराच्या प्रवासात मान मोडतेच. म्हणून तर दुकानदार त्याच्या दांड्याला प्लास्टिकची नळी चढवतात. ग्लॅडिओही नको, कारण आडवा ठेवला की त्याचे शेंडे वरच्या दिशेने वळतात आणि सकाळी काड्या वाकड्या निघतात. लिलियमच्या न उमललेल्या कळ्या प्रवास उत्तम करतात, पण उमलल्यावर आतले केशरी परागकोश चिमटीने काढून टाकायला हवेत. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याला ते पराग लागले तर डाग निघत नाही. हे करणारं माणूस तिथे नसेल तर लिलियम वगळा.

गुलाब निवडताना कळी बुडाशी दोन बोटांनी हलकेच दाबून बघायला सांगा. टणक लागली पाहिजे, आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या नुकत्या सैल झालेल्या असाव्यात. कळीखालची हिरवी पानं खाली वळलेली असतील तर कळी तयार आहे. पानं अजून कळीला चिकटून उभी असतील तर ती कच्ची, ती पुढे उमलतच नाही, मान टाकते. ‘उन्हाळा आहे, अगदी घट्ट कळ्या द्या’ असं सांगणारे इथेच फसतात. गड्डीभोवतीचा पन्हळी पुठ्ठा काढू देऊ नका, प्रवासात तो कळ्यांना सांभाळतो. पण आतली एखादी काडी ओढून दांड्याचं टोक बघायला हरकत नाही. काळं, बुळबुळीत असेल तर तो माल जुन्या पाण्यात बरेच दिवस उभा आहे.

भरायचं कसं

घरी आणल्यावर दांड्यांची टोकं धारदार सुरीने तिरकी, साधारण दोन सेंटिमीटर कापा. कात्री नको, कात्रीने दांडा चेपतो आणि पाणी वर चढण्याच्या नळ्या बंद होतात. स्वच्छ बादलीत वीतभर पाणी घेऊन पाच-सहा तास उभी ठेवा, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. संध्याकाळी बाहेर काढून दांडे कोरडे पुसा. पाकळ्यांवर पाणी शिंपडायचं नाही! फुलवाल्याच्या दुकानात ते थेंब छान दिसतात, पण बंद खोक्यात त्याचेच तपकिरी ठिपके होतात.

खोकं पन्हळी पुठ्ठ्याचं, तीन फूट लांब, दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी चार-चार भोकं पाडलेलं. आत वर्तमानपत्राचे दोन थर. गड्ड्या आडव्या, एकीची डोकी या टोकाला तर दुसरीची त्या टोकाला, आणि डोकी खोक्याच्या भिंतीपासून तीन-चार बोटं आत. दांड्यांच्या मधोमध एक आडवी काठी घालून ती दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याला चिकटपट्टीने पक्की करा. ही काठी नसेल तर बसच्या पहिल्या कचकन ब्रेकला सगळ्या गड्ड्या सरकतात आणि कळ्या भिंतीवर आपटतात. सकाळी खोकं उघडल्यावर मानेपासून तुटलेली जी फुलं दिसतात, ती यामुळेच.

गारव्यासाठी अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये ठेवा. तीन-चतुर्थांशच भरा, बर्फ होताना पाणी फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. प्रत्येकीला वर्तमानपत्राचे चार-पाच पदर गुंडाळा आणि दांड्यांच्या बाजूला चिकटपट्टीने बांधून टाका. डोक्यांजवळ बर्फ नको. अँथुरियम असेल तर त्याची गड्डी बाटल्यांपासून सगळ्यात लांब ठेवा. ते उष्ण प्रदेशातलं फूल, फार थंडी लागली की काळवंडतं.

खोक्याच्या तीन बाजूंना जाड अक्षरांत लिहा : ताजी फुलं, आडवं ठेवणे, वर सामान ठेवू नये. खाली घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल. शुभेच्छांचं कार्ड यात घालू नका, बाटल्यांना घाम येतोच. कार्ड वेगळ्या टपालाने आधीच जाऊ द्या.

बस

पुण्याहून जालना, सिंदखेडराजामार्गे मेहकर-वाशिमकडे रात्री ट्रॅव्हल्स जातात, तुम्हाला त्या माहीतच असतील. खोकं देताना तीन गोष्टी ठरवून घ्या.

पहिली, ते ठेवणार कुठे. डिकीला एसी नसतो. मागच्या बाजूच्या डिकीत तर इंजिनाची धग लागते. पुढच्या डिकीत सगळ्यात वर, नाहीतर सरळ केबिनमध्ये क्लीनरच्या नजरेखाली. त्यासाठी चार पैसे जास्त मागितले तर द्या. काही मालक रिकामी सीट किंवा बर्थ सामानासाठी द्यायला तयार होतात; जमलं तर त्याहून चांगलं काही नाही, फुलं एसीत झोपून जातील.

दुसरी, सोबत काय जातंय. मे महिना आहे, त्याच बसने आंब्याच्या पेट्याही निघालेल्या असतात. पिकत्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि कार्नेशियनला तो अजिबात सोसत नाही. पाकळ्या आत मिटतात, फूल झोपल्यासारखं दिसतं आणि परत उघडत नाही. ‘आंब्याच्या पेट्यांशेजारी ठेवू नका’ हे क्लीनरला तोंडी सांगाच. हाच नियम मेहकरच्या घरालाही लागू : आढी घातलेल्या खोलीत फुलं नेऊ नका, आणि आंबे-केळी असलेल्या फ्रिजमध्येही नको.

तिसरी, उतरवणार कुठे. गाडी पुढे वाशिमकडे जाणारी असेल तर पहाटे ती बायपासला दोन मिनिटं थांबते आणि निघते. समृद्धी महामार्गाने जाणारी असेल तर गावात येणार की इंटरचेंजपाशी सोडणार, हे आधी विचारा. घेणारा हजर नसेल तर तुमचं खोकं पुढच्या गावी पोचतं. बसचा नंबर, चालकाचा आणि क्लीनरचा मोबाइल, आणि खोकं ठेवलेल्या जागेचा फोटो घेणाऱ्या माणसाला रात्रीच पाठवून ठेवा, आणि त्याला चालकाशी एकदा बोलूनही घेऊ द्या.

मेहकरात

इथे एक विश्वासाचं माणूस लागणार. चुलतभाऊ, शेजारच्या काकू, आईची मैत्रीण, कुणीही चालेल, फक्त त्यांच्या घरी एक खोली मोकळी हवी. फुलं आई-बाबांच्या घरी शनिवारी नेऊ नका, नाहीतर गुपित तिथेच फुटलं.

त्या माणसाला एवढं सांगा. खोकं सावलीत उघडायचं. प्रत्येक काडी पाण्याने भरलेल्या परातीत टोक बुडवून, पाण्याखालीच दोन-तीन सेंटिमीटर कापायची. हवेत कापली तर टोकातून हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि पाणी चढणं थांबतं; गुलाबाची मान लवंडण्याचं हेच मोठं कारण. पाण्यात बुडतील तेवढी पानं काढून टाकायची. बोअरचं जड पाणी वापरण्यापेक्षा जारचं किंवा फिल्टरचं घ्यावं, आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं कढत पाणी तर नकोच. पहिले चार तास साधं पाणी. त्यानंतर लिटरमागे दोन चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि पाव चमचा कपड्यांचं साधं पांढरं ब्लीच. लिंबू आणि ब्लीच आधी एकत्र करायचं नाही, वेगवेगळं पाण्यात टाकायचं. नुसती साखर टाकली तर फुलाआधी जंतूंची मेजवानी होते आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास मारतो. ही उठाठेव नको असेल तर पुण्याच्या व्यापाऱ्याकडून फुलांच्या पाण्यात टाकायच्या पुड्या घेऊन खोक्यात चिकटवा.

कूलर असलेली खोली फुलांना मानवते, कारण हवा गार आणि दमट राहते. पण बादली झोतासमोर नको. एखाद्या गुलाबाने मान टाकलीच असेल तर फेकू नका. दांडा परत कापून, फूल वर्तमानपत्रात घट्ट सरळ गुंडाळून मानेपर्यंत पाण्यात दोन तास ठेवलं तर बरीच फुलं सावरतात.

मांडणीला फुलवाल्याची टोपली किंवा स्पंज हवाच असं नाही. घरची पितळी कळशी घ्या, तिचं अरुंद तोंडच काड्या उभ्या धरतं. मात्र आत प्लास्टिकचा उभा डबा ठेवून पाणी त्यात भरा, लिंबाचं पाणी थेट पितळेत नको. आधी हिरवी पानं, ती तिथलीच, कामिनी किंवा अशोकाची. मग शेवंती, मग गुलाब आणि कार्नेशियन, शेवटी अँथुरियम. स्पंज वापरलाच तर तो पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यायचा. हाताने दाबून बुडवला की बाहेरून ओला दिसतो, पण मध्ये कोरडा राहतो, आणि त्या कोरड्या भागात खोचलेली फुलं तासाभरात सुकतात.

हार आणि गजरा

मेहकर शारंगधर बालाजीचं गाव. देवळाच्या गावात हार गुंफणारे कसबी हात असतातच, आणि हाराच्या बाबतीत पुण्याहून काही पाठवणं म्हणजे नसता उद्योग. त्या विश्वासाच्या माणसाला आठवडाभर आधी हारवाल्याकडे जाऊन बोलायला सांगा. फोनवर नको, समोर जाऊन. गुलाब आणि निशिगंधाचे दोन हार, गळ्यात घातल्यावर बेंबीपर्यंत येतील एवढे. आणि हलके हवेत. लग्नाच्या हिशेबाने केलेला भरगच्च निशिगंधाचा ओला हार वयस्कर माणसाच्या मानेला जड होतो, फोटो संपायच्या आत तो काढून ठेवला जातो. रंगवलेली शेवंती, चमकी, चंदेरी फवारा यातलं काही नको हे स्पष्ट सांगायचं, तो रंग घामाने कपड्यांना लागतो. निम्मे पैसे आधी द्या, बाकीचे हाराचा फोटो पाहून पाठवा.

आईसाठी मोगऱ्याचा गजरा विसरू नका, मे हा मोगऱ्याचाच हंगाम आहे. मोगरा संध्याकाळी उमलतो, तेव्हा गजरा मिटलेल्या कळ्यांचा हवा. सकाळी ओवून घ्यायचा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायचा आणि पाच वाजता बाहेर काढायचा. पाहुणे येईपर्यंत तो आईच्या केसांतच फुलेल. दुपारी उमललेल्या फुलांचा आणलात तर औक्षणाच्या वेळी तो तपकिरी पडलेला असेल.

राहता राहिली घात झाला तर काय करायचं ही गोष्ट. शनिवारी अकराच्या सुमाराला बादलीतल्या फुलांचा फोटो मागवा. निम्म्याहून जास्त काड्या ताठ असतील तर काळजी नको, कळशी तेवढ्यात भरते. त्याहून कमी असतील किंवा खोकं आलंच नसेल, तर दुपारी चारच्या आत हारवाल्याला गाठून पाच किलो सुटी फुलं जास्तीची सांगा, मिळतील ती. त्याच्याकडचा माल बाहेरून सकाळच्या गाडीने येतो, आदल्या संध्याकाळी सांगितलं तरच तो मागवू शकतो. त्या फुलांतून दाराला तोरण, देवाला माळ आणि आई-बाबांच्या खुर्च्यांसमोर पाटाएवढी फुलांची रांगोळी सहज होते. पाकळ्या आदल्या रात्री मोकळ्या करून ठेवायच्या नाहीत, रविवारी दुपारी चारनंतरच करायच्या.